फोन वाजेपर्यंत देवाशी काय बोलायचं?

उगवती

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. माझी किडनी द्यायची तयारी होती, पण तपासण्यांत मलाच मधुमेह निघाला आणि मी बाद. दिरांचंही जमलं नाही. आता मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत नाव आहे. नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही, सांगू शकतही नाही. फोन आला की लगेच निघायचं, एवढंच माहीत. त्यामुळे फोन बाथरूममध्येही बरोबर असतो, आणि 'कर्ज हवंय का' विचारणाऱ्यांचे फोनसुद्धा मी पहिल्या रिंगला उचलते. ती पोरं बिचारी दचकत असतील.

धागा सहानुभूतीसाठी काढलेला नाही, ती पुष्कळ मिळते. मला वाट बघण्याबद्दल बोलायचंय. वाट बघताना देवाचं काय करायचं, याबद्दल.

मी ख्रिस्ती आहे. 'परमेश्वराची वाट पाहा' हे वाक्य अर्थ कळत नव्हता तेव्हापासून पाठ आहे. सांगणाऱ्यांच्या मनात वाट पाहणं म्हणजे तोंड मिटून, चेहरा शांत ठेवून बसणं. भेटायला येणाऱ्यांचीही तीच अपेक्षा असते. 'किती धीराची आहेस गं' असं कुणी म्हणालं की मला त्यात बारीकशी धमकी ऐकू येते: धीर सोडलास तर आम्हाला चालायचं नाही हां.

बायबल उघडलं तर मात्र गप्प बसून वाट बघणारी माणसं फारशी सापडत नाहीत. त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी, म्हणजे प्रार्थनागीतांपैकी, साधारण एक तृतीयांश गाऱ्हाणीच आहेत. 13वं स्तोत्र 'कुठवर?' असं विचारतच सुरू होतं आणि पहिल्या दोन वचनांत हा प्रश्न चारदा येतो. 88वं तर कमाल आहे. बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे थोडी तरी सावरतात, हे सावरत नाही, अंधारातच थांबतं. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र बांधली त्यांना ते सहज गाळता आलं असतं. नाही गाळलं. येशू वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' म्हणून ओरडला, ती 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्यालाही त्या घटकेला जुनं गाऱ्हाणंच पुरलं.

माझं म्हणणं एवढंच की गाऱ्हाणं हा आशेचाच प्रकार आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षा उरलेली नाही त्याच्याशी आपण भांडत बसत नाही, त्याचा नाद सोडतो.

दुसरं, मुदतीबद्दल. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हे वचन फ्रेमवर असतं, कपावर असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सूर्योदयाच्या फोटोसकट असतं. देवाच्या मनात आपल्यासाठी हिताचे संकल्प आहेत, भविष्याची आशा आहे, वगैरे. त्याच्या आधीचं वचन मला आजवर कुणी पाठवलेलं नाही. त्यात 70 वर्षं म्हटलंय. पाडाव करून बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलेलं हे पत्र आहे, आणि ज्यांनी ते प्रथम ऐकलं त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो, तो म्हणतो दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना हनन्याच आवडला असणार, मलाही आवडला असता. खुद्द यिर्मया आधी 'आमेन, तसंच होवो' म्हणतो, पण पुढे सांगतो की हे खरं नाही. मग पत्रात काय लिहितो? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आणून टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आमच्याकडे हनन्या अधूनमधून येत असतात. 'नाताळच्या आत फोन येतो की नाही बघ, मला प्रभूने दाखवलंय.' नाताळ झाला की हेच लोक भेटायचं टाळतात.

आता तिसरं, ज्यासाठी खरं तर धागा काढला. आमचा फोन वाजायचा तर दुसऱ्या कुणाच्या घरी आकांत व्हावा लागतो. अपघात, नाहीतर मेंदूत रक्तस्राव, पुष्कळदा तरणंताठं माणूस. मग मी नेमकं मागू काय? 'प्रभू, आज फोन येऊ दे' म्हणताना वाक्य अर्ध्यावरच अडतं. मुसळधार पावसाची रात्र असली की रस्त्यांवरच्या अपघातांचा विचार मनात येतो, आणि पाठोपाठ स्वतःची किळस.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, मी फक्त पाणी मागतो. त्याला दिवसभरात मोजून पाणी मिळतं. कधी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवतो आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून बसतो. त्या वेळात त्याच्याशी बोललेलं त्याला आवडत नाही.

तुम्ही कधी अशी वाट बघितली असेल तर देवाशी काय बोललात? देव न मानणाऱ्यांनीही जरूर लिहा. फक्त 'देव नसतोच' एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

---

टाळकरी

उगवतीताई, दोनदा वाचलं. गाऱ्हाण्याच्या मुद्द्याला आम्हा वारकऱ्यांचा बिनशर्त पाठिंबा. जनाबाई विठोबाला ज्या भाषेत फैलावर घेते ती मी इथे लिहिली तर अ‍ॅडमिन प्रतिसाद उडवतील. तरी ती संत आहे आणि तो तिच्या मागे दळायला बसतो.

तुकोबांचं तर 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरच उठलं. बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. 'बरं झालं देवा, दिवाळं निघालं' या अर्थाचा त्यांचा अभंग आहे आणि तो लोक दुसऱ्याच्या दुःखावर सर्रास चिकटवतात. अहो, ते तुकोबा स्वतःबद्दल बोलले, आणि मागे वळून बघताना बोलले. दुष्काळ चालू असताना शेजाऱ्याच्या दारात जाऊन 'बरं झालं हो तुमचं' म्हणाले नाहीत. एवढा फरक ज्याला कळतो त्यानेच आजारी माणसाला भेटायला जावं.

फोन येवो.

---

काकूबाई

वाचून फार वाईट वाटलं गं. पण शेवटी प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं. मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल. नामस्मरण वाढवा, मन शांत होईल.

---

आडवळण

काकूबाई, चार-चार तास सुया टोचून पडलेल्या माणसाला 'मागच्या जन्मी तूच काहीतरी केलं असशील' म्हणणं हा नामस्मरणाचा सल्ला झाला की आरोपपत्र?

---

उगवती

काकूबाई, तुमचा राग नाही. आमच्याकडेही हेच चालतं, फक्त मागच्या जन्माच्या जागी 'लपवलेलं पाप' असतं. योहानाच्या शुभवर्तमानात, 9व्या अध्यायात, येशूच्या शिष्यांना वाटेत जन्मांध माणूस दिसतो आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळंच जातं. त्याचे मित्र तर याच प्रश्नावर अध्यायच्या अध्याय खर्ची घालतात. सुरुवातीला ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोंडातून शब्द नाही. तोवर उत्तम होतं! मग बोलायला लागले. देव न्यायी आहे, म्हणजे तू काहीतरी केलंस, कबूल कर. ईयोब ऐकत नाही, तो थेट देवालाच जाब विचारतो, मला त्याच्यासमोर खटला मांडायचाय म्हणतो. आणि शेवटच्या 42व्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, म्हणतो. देवाची वकिली करणाऱ्यांना दटावलं आणि देवावर खटला भरणाऱ्याची पाठराखण केली. भेटायला येणाऱ्यांच्या हातात हे पान द्यावं असं फार वाटतं. नवरा देऊ देत नाही.

---

झटपट

ताई, पॉझिटिव्ह राहा! विश्वाला स्पष्ट संदेश द्या. एक तारीख ठरवा, ती कॅलेंडरवर मार्क करा, त्या दिवशी फोन आलाय असं रोज डोळ्यांसमोर आणा. माझ्या ओळखीत खूप जणांना फरक पडलाय.

---

आडवळण

तारीख ठरवण्याबद्दल. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचले. त्यांनी लिहून ठेवलंय की 1944 चा नाताळ ते 1945 चं नवं वर्ष या आठवड्यात छावणीतले मृत्यू एकदम वाढले. छावणीच्या डॉक्टरांच्या मते कारण जेवण किंवा थंडी नव्हतं, ते तर आधीही तसंच होतं. पुष्कळ कैद्यांनी 'नाताळला घरी असू' असं मनाशी धरलं होतं, आणि नाताळ आला नि गेला. त्यांच्याच बराकीतल्या एकाला स्वप्न पडलं होतं की 30 मार्चला आपली सुटका होणार. तारीख जवळ आली तशी सुटकेची काही चिन्हं दिसेनात. 29ला त्याला ताप चढला, 30ला शुद्ध गेली, 31ला तो मेला. टायफस होता, पण फ्रँकल म्हणतात की आशा तुटल्यावर शरीराने लढणं सोडलं.

म्हणजे तुमचा तो हनन्या निरुपद्रवी नाही, उगवती. मी नास्तिक आहे, पण यिर्मयाचं पत्र मला पटलं. मुदत न देणारी आशा जास्त प्रामाणिक वाटते.

मात्र एक विचारतो, टोमणा समजू नका. गाऱ्हाणं करायला समोर कुणीतरी लागतो हे मान्य. पण उत्तर कधीच येत नसेल तर समोर कुणी आहे आणि समोर कुणी नाही, यात फरक काय राहिला? भिंतीशी बोलणाराही मोकळा होतोच की.

---

शेवटचा बाक

मी ताईंच्याच वळणातला, पण बाकावर शेवटचा. दोन गोष्टी सुचल्या.

एक, काय मागावं हे कळत नाही या अडचणीबद्दल. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, 8व्या अध्यायात, हेच लिहिलंय: योग्य रीतीने काय मागावं हे आपल्याला कळत नाही. मग तो 'पण लवकरच कळेल' असं म्हणत नाही. म्हणतो, आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. त्या अध्यायात सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही कण्हतो. ताईंचं वाक्य अर्ध्यावर अडतं ना, तर ते तिथेच सोडावं. पूर्ण करायची जबाबदारी त्यांची नाही.

दुसरी गोष्ट दीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाची. हिटलरच्या विरोधातल्या लोकांबरोबर होता, एप्रिल 1943 मध्ये पकडला गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या तुरुंगातून त्याने पत्रात लिहिलं की कोठडी ही आगमनकाळासारखी, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या आठवड्यांसारखी आहे: माणूस इकडचं तिकडचं करत आशेवर राहतो, पण दाराला कुलूप आहे आणि ते फक्त बाहेरून उघडतं. त्याचं दार उघडलं ते 9 एप्रिल 1945 ला, फाशीसाठी. महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोकांना शेवट आवडत नाही. मलाही नाही आवडत. पण शेवट बदलून सांगितली तर ती आमच्या श्रद्धेची गोष्ट राहणार नाही, झटपट यांच्या कॅलेंडरची होईल. (झटपट, हलकं घ्या.)

---

मुसाफिर

वाचतोय सगळं. आमच्या कुराणातल्या याकूब नबींची, यूसुफच्या वडिलांची, आठवण आली. 12वी सूरह (अध्याय), यूसुफ. मुलं यूसुफला विहिरीत टाकून खोट्या रक्ताचा सदरा घेऊन येतात, तेव्हा याकूब म्हणतात, आता सुंदर सब्र (धीर) करणं एवढंच. आमच्याकडे सब्र म्हटलं की हीच आयत (वचन) सांगतात, आणि अर्थ घेतात की रडू नये.

पण तीच सूरह पुढे वाचा. वर्षं उलटलीत आणि याकूब 'हाय यूसुफ' करतायत. रडून रडून डोळे पांढरे झालेत. मुलं वैतागतात, किती दिवस त्याचंच काढत बसणार, मरून जाल. ते म्हणतात, मी माझं दुःख आणि गाऱ्हाणं अल्लाहकडेच करतोय. आणि लगेच मुलांना सांगतात, जा, यूसुफला शोधा, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. ज्याचे डोळे रडून गेले तोच माणूस सुंदर सब्र करणारा आहे. दोन वेगळी माणसं नाहीत.

ताई, दुआ आहेच.

---

रानजाई

मी नर्स आहे, बरीच वर्षं उपशामक सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्हमध्ये, जिथे गंभीर आजाऱ्यांचा त्रास हलका करायचा असतो. रात्रपाळीत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आमच्या क्षेत्राचा पाया घातला डॉ. सिसिली साँडर्स यांनी, 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढून. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी शिकवलं की रुग्णाची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची असते, घरच्यांच्या काळजीची आणि पैशांची असते, आणि 'माझ्याच वाट्याला का' हीसुद्धा असते. या शेवटच्या वेदनेवर उत्तर द्यायचं नसतं, खुर्ची ओढून बसायचं असतं. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आमच्या ट्रेनिंगमध्ये घ्यायला हवेत.

बघितलेलं सांगते. आशा एकच एक नसते. आधी बरं होण्याची असते. ती गेली तर माणूस काही काळ रिकामा होतो, आणि घरच्यांना वाटतं संपलं. मग एखाद्या दिवशी तो सांगतो, मुलीचा निकाल ऐकायचाय, नाहीतर भावाशी बोलणं बंद आहे त्याला बोलवा. ही त्याच आशेची लहान पोरं असतात, आणि ती लहान आहेत म्हणून खोटी नसतात. देव मानणारे तेव्हा जे मागतात ते ऐकलं की आपल्याच प्रार्थना फार मोठमोठ्या वाटायला लागतात. तुमच्या यजमानांचं पाणी मला म्हणूनच ओळखीचं वाटलं.

एक कामाचं. बर्फाचा खडाही दिवसाच्या पाण्याच्या हिशेबातच धरा, विसरायला होतं. आणि ताई, तुमची झोप, भूक, कुणाशी बोलावंसं न वाटणं, हे सगळं लांबत चाललं असेल तर ते श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण समजू नका. काळजी घेणारी माणसं खचतात, त्याला औषध असतं. डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना चालू ठेवून दाखवा.

---

पाखरू

इथे फक्त वाचत असते, हा प्रतिसाद लिहायला लॉगिन केलं.

आम्ही त्या दुसऱ्या घरातले आहोत.

भाऊ. अपघात. डॉक्टरांनी मेंदूमृत शब्द उच्चारला तेव्हा आम्हाला तो समजला नाही, कारण छाती व्हेंटिलेटरवर वर-खाली होत होती आणि हात गरम होता. पुन्हा तपासण्या झाल्या. त्या मधल्या वेळात आम्हीही वाटच बघत होतो हो. बाबा पोथी वाचत होते, मी नवस बोलत होते, आई नुसती त्याच्या पायाला तेल चोळत होती. आम्ही जे मागितलं त्याचं उत्तर 'नाही' आलं.

नंतर अवयवदानाबद्दल विचारायला एक बाई आल्या. खूप हळू बोलल्या. बाबा आधी चिडले. आई म्हणाली, देऊ या. तिने कारण सांगितलं नाही, आम्ही आजवर विचारलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की पावसाची रात्र असली की स्वतःची किळस येते. ताई, तुमच्यासारख्या कुणाच्या प्रार्थनेमुळे माझा भाऊ गेला नाही. तो गेला कारण समोरून गाडी आली. कुणीतरी यादीत होतं म्हणून त्याच्या जाण्यानंतर निदान काहीतरी उरलं, एवढंच. प्रार्थना करायचीच असेल तर त्या रात्री सही करणाऱ्या घरासाठी करा. आईने पेन हातात घेतलं आणि तिला तिचं स्वतःचं नाव आठवेना. तिच्यासाठी कुणीतरी कुठेतरी प्रार्थना करत होतं असं मला कळलं असतं तर बरं वाटलं असतं. मी फारशी देव मानत नाही आता, तरी बरं वाटलं असतं.

---

टाळकरी

पाखरू, दंडवत. दुसरं काही लिहवत नाही.

---

उगवती

पाखरू, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने पुन्हा वाचायला लावला. आम्ही दोघं आता रोज रात्री त्या घरासाठी मागतो, जे कुठलं आहे ते आम्हाला माहीत नाही आणि ज्याला अजून काही झालेलंही नाही. आधी 'त्यांच्यावर ही वेळ न येवो' असं मागतो. मग 'आलीच तर एकटं सोडू नकोस' असं. पहिली मागणी खरी झाली तर आमचा फोन वाजणार नाही हे दोघांनाही कळतं. तरी क्रम तोच ठेवलाय. यिर्मयाने 'त्या शहराच्या भल्यासाठी मागा' असं का लिहिलं असेल, ते आता थोडं वेगळं दिसायला लागलंय.

आडवळण, तुमचा भिंतीचा प्रश्न मी टाळत नव्हते, डायलिसिसचे दिवस होते. माझ्याकडे तुम्हाला गप्प करणारं उत्तर नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातून कळलं की जवळजवळ अर्धशतक त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. पत्रांतून गाऱ्हाणं, आणि दिवसभर काम. बातमी आली तेव्हा काही लोकांना वाटलं, बघा, त्यांचाही विश्वास नव्हता. मला उलट पहिल्यांदा त्या माझ्यातल्या वाटल्या.

भिंत आणि देव यात मला दिसणारा फरक एवढाच की भिंतीशी बोलताना मी फक्त स्वतःबद्दल बोलते. गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांत माणूस बोलता बोलता 'पूर्वी तू असं केलं होतंस' अशी आठवण करून देतो, जुना हिशेब काढतो, शत्रूंबद्दल वाटेल ते बोलतो, आणि कधीकधी त्याच्याच नकळत त्याचं मन बदलतं. माझ्या बाबतीत ते या धाग्यावर झालं, ते देवाने केलं की पाखरूने, हा वाद तुम्ही जिंकलात तरी माझी हरकत नाही.

ईयोबालाही उत्तर मिळत नाही, हे लोक विसरतात. 38व्या अध्यायात देव वादळातून बोलायला लागतो आणि सगळे प्रश्न तोच विचारतो. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानबकऱ्या कधी वितात ठाऊक आहे का? 'तुझी मुलं का गेली' यावर अवाक्षर नाही. मला हे पूर्वी फार उद्धट वाटायचं. अजूनही काही दिवशी वाटतं. पण ईयोबाने 'समोर ये' एवढंच मागितलं होतं आणि तो समोर आला, हेही तितकंच खरं.

येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराची गोष्ट कुणी काढली नाही म्हणून मीच काढते. योहान 11. तो आजारी असल्याचा निरोप येशूला मिळतो आणि तो आणखी दोन दिवस आहे तिथेच थांबतो. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मार्था सामोरी येते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया येते आणि तेच म्हणते. दोघी बहिणी त्या चार दिवसांत एकमेकींशी हेच बोलत असणार. येशू त्यांना श्रद्धेवर व्याख्यान देऊन गप्प बसवत नाही. मार्थेशी बोलतो, मरीयेजवळ रडतो. उठवायचंच होतं तर रडला कशाला, असं मी पाळकांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुला उत्तर माहीत आहे. मला नाही माहीत. पण रडला नसता तर लाजराच्या उठण्याचं मला काही करता आलं नसतं.

रानजाई, बर्फाचं धरतो हिशेबात. माझ्या झोपेबद्दल लिहिलंत ते वाचून आमच्या फॅमिली डॉक्टरांची वेळ घेतलीय.

---

झटपट

ताई, कॅलेंडर राहू दे. रक्त वगैरे लागलं, रात्री-अपरात्री गाडी लागली तर मेसेज करा. खरंच.

---

उगवती

झटपट, नंबर घेतलाय व्यनितून (खासगी निरोपातून). हे कामाचं आहे.

---

पिंपळपान

उशिरा आलो धाग्यावर. आई अंथरुणाला खिळून आहे, बोलणं जवळपास बंद. मी ख्रिस्ती नाही, आईही नाही, पण तिच्या नर्सने एकदा स्तोत्र वाचून दाखवलं तेव्हा ती शांत झाली होती. कुठलं होतं ते माहीत नाही. स्वतःला प्रार्थना सुचत नाही अशा वेळी नेमकं काय वाचावं? मोठं नको, तिचं लक्ष लगेच उडतं. माझंही.

---

उगवती

पिंपळपान, 130 घ्या. आठच वचनं आहेत. खोल गर्तेतून हाक मारतो असं सुरू होतं, आणि पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव वाट बघतो, हे दोनदा म्हटलंय. रात्री जागणाऱ्याला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मोठ्याने वाचा, सावकाश. आईला शब्द कळले नाहीत तरी तुमचा आवाज कळेल.

तुमच्यासाठी 13. सहा वचनं. तुम्हाला रागावायचं असेल त्या दिवशी हे वाचा. शेवटची दोन वचनं तोंडातून निघत नसतील तर चौथ्यावर थांबा, देवाला चालतं असं माझं मत आहे.

थोडं मोठं चालणार असेल तर 42 आणि 43 एकत्र. बरेच अभ्यासक ती मुळात एकच रचना मानतात. 'माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे त्यात तीनदा येतं, आणि दर वेळी तो स्वतःला समजावतो, आणि दर वेळी ते समजावणं पुरेसं होत नाही म्हणून पुन्हा समजावतो.

88 आईसमोर नको. ते तुम्ही गॅलरीत जाऊन वाचा.

शेवटचा बाक, तुम्ही आणखी काही सुचवाल का? मी उद्या दिवसभर डायलिसिस युनिटमध्ये आहे, तिथे रेंज धड नसते. फोनची रिंग तेवढी येते, ते मी आधीच तपासून ठेवलंय.

---

शेवटचा बाक

121 सुचवेन. तेही आठच वचनांचं आहे. त्यात देव झोपत नाही असं म्हटलंय, म्हणून रात्रपाळीवाल्यांना आवडतं. पिंपळपान, आईंना आवाज कुठला आवडतो ते बघा. माझ्या वडिलांना माझ्यापेक्षा धाकट्या मुलीचं वाचणं आवडायचं. ती अडखळायची, आणि ते तिला दुरुस्त करायला डोळे उघडायचे.